दोन चौकटींच्या मधे

एक चौकट डोळ्यांसमोर आणा. एक म्हातारी बाई दाराजवळच्या टपालपेटीतून पाकीट काढते आहे. शेजारच्या चौकटीत तीच बाई जिन्याच्या पायरीवर बसलेली, चष्मा हातात, कागद पायाशी पडलेला. शब्द एकही नाही.

पत्रात काय होतं? कुणी सांगितलेलं नाही. तरी तुम्ही मनाशी काहीतरी ठरवून मोकळे झालात. बाईंनी पाकीट फोडलं, वाचलं, पाय लटपटले, त्या कशाबशा बसल्या, कागद हातातून निसटला. हे सगळं तुम्ही पाहिलंत आणि यातलं काहीही कागदावर काढलेलं नाही. चित्रकाराने चित्रं काढली दोन. मधली पाच-सहा तुम्ही काढलीत, तीही क्षणार्धात.

ग्राफिक नॉव्हेल समजून घ्यायची तर इथूनच सुरुवात करावी. 'चित्रं असलेली कादंबरी' ही तिची नेहमीची व्याख्या खोटी नाही, पण तिचा काही उपयोगही नाही. सचित्र कादंबऱ्या कितीतरी जुन्या आहेत आणि त्यांतली चित्रं फाडून टाकली तरी गोष्ट जागची हलत नाही. ग्राफिक नॉव्हेलमधली चित्रं काढून घेतली तर हाती उरतील सुटे संवाद, कोण कुणाशी बोलतंय तेही न कळणारे. शब्द काढून घेतले तरी बहुतेक वेळा तीच गत. गोष्टीचा काही भाग शब्द सांगतात, काही चित्रं सांगतात, आणि राहिलेला भाग त्या दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत घडतो.

या पट्टीला इंग्रजीत 'गटर' म्हणतात. मराठी कानाला शब्द काही बरा लागत नाही, पण तो छपाईच्या धंद्यातून आलेला आहे. पुस्तकाच्या समोरासमोरच्या दोन पानांमधल्या जागेलाही छपाईवाले गटरच म्हणतात. स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकन चित्रकाराने १९९३ साली 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' नावाचं पुस्तक काढलं. कॉमिक्स कसं चालतं हे सांगणारं हे पुस्तक स्वतःच कॉमिक्सच्या रूपात आहे. त्याने या पट्टीत वाचकाचं मन जे जोडकाम करतं त्याला 'क्लोजर' असं नाव दिलं आणि एका चौकटीतून दुसरीत जायच्या सहा तऱ्हा सांगितल्या. सहाही पाठ करायची गरज नाही. क्षणाकडून लगेचच्या क्षणाकडे जाणं, म्हणजे पापणी उघडी, मग मिटलेली. एका कृतीकडून दुसरीकडे जाणं, म्हणजे चेंडू टाकला, मग टोलवला. आणि मला सगळ्यात आवडणारी तऱ्हा: वेळ पुढे सरकतच नाही, फक्त नजर फिरते. ओली छत्री, खिडकीवरचे थेंब, रिकामा रस्ता. तीन चौकटी झाल्या, घड्याळ मात्र तिथेच. मांगामध्ये, म्हणजे जपानी कॉमिक्समध्ये, ही तऱ्हा बरीच आढळते असं मॅक्लाउडने दाखवून दिलं.

यातून या कलेचं एक विलक्षण वैशिष्ट्य हाती लागतं. सिनेमात एक दृश्य जातं आणि त्याच पडद्यावर, त्याच जागी दुसरं येतं. पानावर सगळी दृश्यं एकाच वेळी शेजारी शेजारी बसलेली असतात. आत्ताची चौकट वाचताना डोळ्याच्या कोपऱ्यात मघाची दिसत असते, पुढचीही दिसत असते. काळ इथे जागेच्या रूपात मांडलेला असतो. चौकट रुंद केली की क्षण लांबतो, बारीक बारीक चौकटी लावल्या की धाप लागते. आणि चित्रकाराला खरा धक्का द्यायचा असेल तर तो उजव्या पानावर ठेवून चालत नाही, कारण पान उघडताक्षणी नजर सगळीकडे जाऊन येते. तो ठेवायचा पान उलटल्यावर येणाऱ्या डाव्या पानाच्या सुरुवातीला. (डावीकडून उजवीकडे वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांत. जपानी पुस्तकांत हे सगळं उलटं.) कादंबरीकाराला आपलं वाक्य कुठल्या पानावर येणार याची फिकीर नसते. इथे पान हे वाक्याइतकंच महत्त्वाचं.

आता एक खरं उदाहरण. मर्जान सत्रापी यांचं 'पर्सेपोलिस' मूळ फ्रेंचमध्ये २००० ते २००३ या काळात चार भागांत आलं. इराणमधल्या क्रांतीच्या काळातलं स्वतःचं बालपण त्यांनी सांगितलंय, निव्वळ काळ्या आणि पांढऱ्या रंगात, मधली एकही करडी छटा न वापरता. पहिल्याच चौकटीत डोकं झाकलेली दहा वर्षांची मर्जान समोर बघत बसली आहे, साल १९८०. दुसऱ्या चौकटीत वर्गातल्या मुलींचा फोटो, सगळ्याजणी तशाच डोकं झाकलेल्या. मर्जान त्यात डाव्या कडेला आहे, आणि चौकटीने तिला अशी कापली आहे की ती जवळजवळ दिसतच नाही. गणवेशाने माणूस कसा पुसला जातो यावर निबंध लिहिता आला असता. इथे एक कड मारली आणि काम झालं. रेषा अगदी साधी, मुलाने काढावी तशी. पण त्यामुळेच तो चेहरा एका मुलीचा राहत नाही. चेहऱ्यात तपशील जितके कमी, तितका तो वाचकाला आपला वाटतो, हेही मॅक्लाउडचंच निरीक्षण.

साधी रेषा म्हणजे साधं काम, असं मात्र समजू नये. आर्ट स्पीगलमन यांनी 'माउस' पूर्ण करायला १३ वर्षं घेतली. पहिला खंड १९८६ साली आला, दुसरा १९९१ साली. वाचक दोन्ही खंड दोन संध्याकाळींत वाचून मोकळा होतो. या हिशेबात काहीतरी अन्याय आहे असं मला नेहमी वाटत आलंय.

'माउस' हे नाव या विषयावर बोलताना टाळताच येत नाही. स्पीगलमन यांचे वडील व्लादेक हे पोलंडमधले ज्यू, आउश्विट्झच्या छळछावणीतून वाचलेले. मुलगा त्यांच्याकडे जाऊन बसतो, प्रश्न विचारतो, ते सांगतात. आणि मुलगा ते काढतो. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं, पोलिश डुकरं, अमेरिकन कुत्रे. (पोलंडमध्ये यावरून संताप झाला, आणि तो समजण्यासारखा आहे.) ऐकायला हे बालिश वाटतं. पण व्लादेक पोलिश असल्याचं सोंग घेऊन रस्त्यावर येतो तेव्हा उंदराच्या तोंडावर डुकराचा मुखवटा असतो आणि तो मागे दोरीने बांधलेला दिसतो. दुसऱ्या खंडात लेखक स्वतः चित्र काढायच्या टेबलाशी बसलेला आहे, तोही उंदराचा मुखवटा लावलेला माणूस. म्हणजे प्राण्यांची ही वाटणी लेखकाला खरी वाटत नाही. ती वाटणी ज्यांनी माणसांवर लादली त्यांची आहे, हे तो त्या दोरीच्या गाठीतून दाखवत राहतो. आणखी एक पान: व्लादेक आणि त्याची बायको आन्या लपायला जागा शोधत निघाले आहेत, आणि पुढच्या रस्त्यांचा आकार स्वस्तिकाचा झाला आहे. कुठेही वळा, त्यातच. खाली मजकुरात त्याचा उल्लेखसुद्धा नाही.

दुसरा खंड आला तेव्हा न्यू यॉर्क टाइम्सने तो खपाच्या यादीत काल्पनिक साहित्यात टाकला. स्पीगलमन यांनी पत्र लिहून हरकत घेतली आणि वृत्तपत्राने पुस्तक वास्तवाच्या यादीत हलवलं. एक संपादक तेव्हा म्हणाला म्हणे की त्याच्या घरी जाऊ, दार मोठ्या उंदराने उघडलं तर वास्तवात टाकू. पुढच्याच वर्षी, १९९२ साली, 'माउस'ला पुलित्झर पारितोषिक मिळालं, तेही 'विशेष' म्हणून, कारण ठरलेल्या कुठल्याच खणात ते बसेना.

खणांचा हा घोळ नावापासूनच आहे. 'ग्राफिक नॉव्हेल' हा शब्द १९६४ साली रिचर्ड काइल या समीक्षकाने वापरला. रूढ झाला तो विल आइस्नर यांच्यामुळे. आइस्नर तेव्हा साठी ओलांडलेले, कॉमिक्समध्ये मुरलेले. न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या चाळवजा इमारतीतल्या गरीब भाडेकरूंच्या चार गोष्टी त्यांनी काढल्या होत्या. त्यातली पहिली देवाशी झालेल्या कराराची आणि पोरगी गेल्यावर त्या कराराचं काय होतं याची. आइस्नर यांची स्वतःची मुलगी सोळाव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली होती. हे 'कॉमिक्स' आहे म्हटलं तर मोठा प्रकाशक फोन ठेवून देईल, म्हणून आपण ऐनवेळी 'ग्राफिक नॉव्हेल' म्हणालो, असं ते सांगत. मोठ्या प्रकाशकाने तरीही नाकारलं. १९७८ साली 'अ कॉन्ट्रॅक्ट विथ गॉड' एका छोट्या प्रकाशनाकडून आलं आणि मुखपृष्ठावरच्या त्या दोन शब्दांना पाय फुटले.

शब्द विक्रीसाठी जन्मला हे खरंच आहे, आणि म्हणून सत्रापींसारख्या काही चित्रकारांना तो आवडत नाही. त्या सरळ 'कॉमिक्स' म्हणतात. शिवाय 'नॉव्हेल' म्हणावं तर 'माउस' आणि 'पर्सेपोलिस' दोन्ही आठवणी आहेत, कादंबऱ्या नव्हेतच. मला विचाराल तर या वादात फार अडकू नये. एकसंध, पुस्तकाच्या लांबीची, शेवटापर्यंत जाणारी चित्रकथा एवढा अर्थ पुरे. आणि ती काही १९७८ साली आकाशातून पडली नाही. जिनिव्हाचे शाळामास्तर रोडोल्फ टोफर १८२७ पासून चौकटींत गोष्टी काढत होते, आणि जर्मन महाकवी गटे यांनीही म्हातारपणी त्या गोष्टी कौतुकाने पाहिल्या होत्या. फ्रान्स मासरील यांनी १९१९ साली आणि लिंड वॉर्ड यांनी १९२९ साली लाकडी ठशांवर कोरलेल्या, एकही शब्द नसलेल्या लांब गोष्टी छापल्या.

मग ही चीज पोरांची म्हणून कपाटाच्या खालच्या कप्प्यात कशी गेली? त्यात १९५४ या सालाचा वाटा मोठा आहे. फ्रेड्रिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाने 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' लिहून कॉमिक्स वाचून मुलं बिघडतात असं मांडलं. अमेरिकेच्या सिनेटच्या उपसमितीने सुनावण्या घेतल्या, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता लादून घेतली. तिच्या चाळणीतून मोठ्यांसाठीचं काही निघणं कठीणच होतं. वर्थम काही दुष्ट माणूस नव्हे. न्यू यॉर्कच्या हार्लेममध्ये गरीब कृष्णवर्णीयांसाठी त्याने मानसोपचाराचा दवाखाना चालवला होता. पण त्याची कागदपत्रं २०१० साली अभ्यासकांना खुली झाली, आणि कॅरल टिली या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासिकेने ती पुस्तकाशी ताडून पाहिली. २०१२ साली तिने दाखवून दिलं की मुलांची विधानं त्याने जागोजागी बदलली, जोडली, तोडली होती. साठ वर्षांची बदनामी अशा कागदांवर उभी होती.

बदनामी गेली तेव्हा तिच्या जागी एक अर्धवट कौतुक येऊन बसलं: 'बरं आहे, वाचनाची गोडी लागते, मग पोरं खऱ्या पुस्तकांकडे वळतात.' शिडी म्हणून ठीक, एकदा चढलं की लाथ मारायची. यात तथ्य नाही असं नाही. १९८८ साली हेज आणि अ‍ॅरेन्स या संशोधकांनी मजकुरातले दुर्मीळ शब्द मोजले. मुलांच्या पुस्तकांत दर हजार शब्दांमागे असे साधारण ३१ शब्द निघाले, कॉमिक्समध्ये ५३, म्हणजे मोठ्यांच्या पुस्तकांच्या बरोबरीने. पण खरा फायदा शब्दसंग्रहाचा नाहीच. एका नजरेत दोन साक्षी तपासायची सवय लागते, हा आहे. मजकूर म्हणतो 'मी अजिबात घाबरलो नाही' आणि चित्रातल्या हातातली काडी थरथरते. कुणावर विश्वास ठेवायचा? शब्दांच्या कादंबरीत खोटं बोलणारा निवेदक ओळखायला वाचक मुरलेला लागतो. इथे दहा वर्षांचं मूलही ते पकडतं, कारण पुरावा शेजारीच छापलेला आहे.

विद्वानांना या पुस्तकांत काय दिसतं, तेही इथूनच सुरू होतं. काहींना रचनेचं कुतूहल. बेल्जियन अभ्यासक थिएरी ग्रोनस्टेन यांनी १९९९ साली म्हटलं की चौकट फक्त शेजारणीशी बोलत नाही, शंभर पानांपलीकडच्या चौकटीशीही बोलते. या नात्याला त्यांनी वेणी घालण्याचं नाव दिलं. 'वॉचमेन' या ग्राफिक नॉव्हेलची पहिली चौकट उघडा: पिवळा हसरा बिल्ला, त्यावर रक्ताचा ओघळ. शेवटची चौकट उघडा: शर्टावरचा तोच हसरा चेहरा, त्यावर तसाच डाग, या वेळी सॉसचा. मधली सगळी पानं या दोन डागांमधे ताणलेली आहेत. काहींना मेंदूचं कुतूहल. नील कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली लोकांना विस्कटलेल्या क्रमाच्या चित्रपट्ट्या दाखवून मेंदूतले विद्युत बदल मोजले. वाक्याचा अर्थ किंवा रचना बिघडली की जसे प्रतिसाद दिसतात तसेच इथेही दिसले. चित्रमालिकेला व्याकरणासारखं काहीतरी असतं, हा त्यांचा दावा त्यावर उभा आहे.

डॉक्टरांचंही एक वर्तुळ आहे. इयन विल्यम्स या ब्रिटिश डॉक्टर-चित्रकाराने २००७ साली 'ग्राफिक मेडिसिन' हा शब्द काढला. आजारपणावर रुग्णांनी, नातेवाइकांनी, डॉक्टरांनी काढलेली चित्रपुस्तकं तिथे वाचली जातात. 'दुखतंय' या शब्दापुढे भाषा लवकर थकते. दुखण्याचं चित्र मात्र प्रत्येकजण वेगळं काढतो.

आणि भीमायन. २०११ साली आलेल्या या पुस्तकात डॉ. आंबेडकरांचं आयुष्य दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी काढलं आहे. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. व्याम दांपत्याने चौकटीच नाकारल्या. आपल्या पात्रांना डब्यांत कोंडायचं नाही, त्यांना मोकळी हवा हवी, असं त्यांचं म्हणणं. मग पान विभागायचं कशाने? घराच्या भिंतींवर, जमिनीवर काढायच्या 'दिगना'च्या वळणदार पट्ट्यांनी. संवादाचे फुगेही वेगळे: गोड, माणुसकीचं बोलणाऱ्याच्या फुग्याला पक्ष्याचा आकार, जातीचं विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. बोलणारा काय म्हणतोय हे वाचायच्या आधीच तो डंख मारणार हे कळतं. चौकट हा या कलेचा पाया आहे असं मानणाऱ्या सिद्धांतांना या एका पुस्तकाने पुन्हा वही उघडायला लावली, असं मला वाटतं. माझ्या वरच्या विवेचनालासुद्धा.

इतिहासकारांसाठी मात्र 'माउस'मधलं एक पान मी कुठल्याही जाडजूड ग्रंथाशेजारी ठेवीन. आउश्विट्झमध्ये कैद्यांचा वाद्यवृंद होता, कैदी कामाला निघताना तो वाजवत असे. कागदोपत्री याचे भरपूर पुरावे आहेत. मुलाने तो काढला आणि वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, वाद्यवृंद? मला फक्त चालणं आठवतं. आता मुलाने काय करावं? पुराव्याला मानावं की बापाला? त्याने पुढच्या चौकटीत चालणाऱ्या कैद्यांची रांग वाद्यवृंदाच्या पुढून नेली. वादक झाकले गेले, वाद्यांचा थोडासा भाग तेवढा मागून डोकावतो. दोन्ही साक्षी एकाच चित्रात, एक दुसरीला खोटं न पाडता. लेखी इतिहासात हे तळटीपेत जातं. इथे ते पानावर घडताना दिसतं.

याचाच पुढचा टप्पा म्हणजे विद्वत्ताच चित्रांतून करणं. निक सुसानिस यांनी कोलंबिया विद्यापीठातला आपला डॉक्टरेटचा प्रबंध पूर्णपणे कॉमिक्सच्या रूपात सादर केला, आणि २०१५ साली तो 'अनफ्लॅटनिंग' या नावाने हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने छापला. विचार करणं म्हणजे ओळीमागून ओळ लिहिणंच का, हा त्याचा विषय. जो सॅको हे चित्रकार-पत्रकार विसाव्या शतकाच्या अखेरीस पॅलेस्टाइनमधून आणि पुढे बोस्नियातून चित्रांतली वार्तापत्रं करू लागले, तेव्हा त्या चित्रांत त्यांनी स्वतःलाही काढलं, गोल चष्म्यामागे डोळे न दिसणारा एक अवघडलेला माणूस. कॅमेरा आपण तिथे उभे आहोत हे लपवतो. काढलेलं चित्र ते लपवू शकत नाही, कारण प्रत्येक रेघ कुणाच्या तरी हातची असते.

एवढं सगळं सांगून झाल्यावर वाचायचं कसं, हे उरतंच. वाईट ग्राफिक नॉव्हेलही भरपूर निघतात: चित्रात दिसतंय तेच मजकुरात सांगणाऱ्या, किंवा फुगे इतके भरलेल्या की माणसं कोपऱ्यात उभी. त्या ओळखायची सोपी खूण आहे. पानावरचे शब्द हाताने झाका. काहीच हरवलं नाही तर ते शब्द फुकट होते. मग चित्रं झाका आणि तेच तपासा.

चांगलं पुस्तक दोनदा वाचावं लागतं. पहिल्या वेळी आपण गोष्टीमागे धावतो, नजर फुग्यांवरून फुग्यांवर उड्या मारते; शाळेने आपल्याला अक्षरं वाचायला शिकवलं, चित्रं नाही. दुसऱ्या वेळी शेवट माहीत असतो, म्हणून थांबता येतं: ही चौकट लांब का, इथे पार्श्वभूमी अचानक रिकामी का, या पानावर कोण बोललंच नाही. मी 'माउस' पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या वाद्यवृंदाच्या पानावर बाप-लेकाचा संवाद वाचला, मान डोलावली आणि पान उलटलं. रांगेमागची वाद्यं मला दिसली ती दुसऱ्या वाचनात.